बापूंच्या जीपचे दिवे

माणसाने जन्मभर प्रकाशाचा शोध घ्यावा, असे थोर लोक सांगतात. शेजारच्या बापूंना तो फक्त घाट उतरेपर्यंत हवा होता. जुन्या जीपच्या मिणमिणत्या दिव्यांपायी त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, घाटाखालच्या गावातले गुरुवारचे भजन सुटायची वेळ आली होती. बापूंनी नवे दिवे बसवले. मग तिन्हीसांजेला देवळाच्या भिंतीवर खडूने रेघ ओढली आणि झोत तिच्याखाली येईपर्यंत ते स्क्रू पिळत बसले.

"भिंत दिसली, आता रस्ता बघा," काकू म्हणाल्या.

"समोरच्याच्या डोळ्यांत जाता कामा नये गं."

स्वतःचा उजेड पाडणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्याला रेघ आखून घेणारा हा पहिलाच.

गुरुवारी दोघे निघाले. वाटेतले सगळे खड्डे स्वच्छ दिसल्यामुळे बापूंनी एकेक जपून चुकवला, आणि ते पोचले तेव्हा भजन संपून आरती चालू होती.