गार्डीणबाईंचा आजोबा

गार्डीणबाईंना काहीही सांगा, त्या आधी विचारत, "कशावरून?" दूधवाला म्हणाला, म्हैस आटली, तरी "कशावरून?" वर्ध्याच्या रेल्वे चाळीत माणसे त्यांच्याशी बोलायला कंटाळत. मी त्यांची धुणीभांडी करायची, त्यामुळे मला सुटका नव्हती.

बाई अँग्लो-इंडियन. नवरा रेल्वेत गार्ड होता, तो वारला. मूलबाळ नाही. आपली म्हणावी अशी एक मावसबहीण, रोझी. तिच्या बापाचे कागद चोख होते, म्हणून ती विलायतेला गेली आणि तिथून यांना बोलावू लागली. बाईंना मात्र अर्जासोबत तिकडच्या सरकारला दाखवावे लागणार होते की बापाचा बाप तिकडेच जन्मला. त्या कागदाशिवाय जाणे नाही. आणि बाईंचा बाप असा, की प्यायला की आजोबा आयर्लंडचा म्हणे, शुद्धीत असला की इंग्लंडचा.

म्हणून बाईंनी दोन वह्या केल्या. एकीत ऐकलेले, दुसरीत कागदाने ठरलेले. मला सांगत, "काशे, आपल्यापासून सुरू करायचं अन् एकेक पायरी मागं जायचं. पायरी गाळायची नाई." पहिली वही भरली. दुसरीत चार-पाच वर्षांत दीड पान. कामठीच्या एका चर्चच्या जुन्या दप्तरात आजोबाच्या लग्नाची नोंद तेवढी मिळाली. पलटणीतला शिपाई, त्याचा बाप खोगीर शिवणारा. गाव लिहिलेच नव्हते.

आयर्लंडच्या कचेरीला लिहिले, तर उत्तर आले की गाव कळवा, तरच शोधता येईल. शिवाय पुष्कळ कागद तिकडच्या लढाईत जळाले. बाई त्या पत्रावरच ओरडल्या, "गाव मालूम असतं तर तुले काऊन विचारलं असतं?" जन्म वर्ध्याचा, रागात त्यांना इंग्रजी सुचत नसे.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलो. आल्या आल्या बाई विचारतात, "तुह्या पणज्याचं नाव काय?" मी म्हटले, "बाई, आमी मागचं सारं टाकून आलो. तुमी काऊन उकरून राह्यल्या?" त्या ऐकतात थोडीच! मला माझ्या गावी कोतवालाचे जन्ममृत्यूचे बुक पाहायला धाडले. त्यात बापाचे नाव, गाव, जात आणि 'मुलगी झाली' एवढेच. माझे नावच नाही. मी चिडून सांगितले, तर म्हणाल्या, "गाव तं हाय ना! नशीबवान हायेस." मला ते नशीब काही दिसले नाही.

मग एका उन्हाळ्यात इंग्लंडच्या कचेरीतून आजोबाच्या जन्माचा दाखला आला. नाव तेच, सालही जुळत होते. रोझीने लिहिले, अर्जाला जोड आणि ये. चाळीत सगळ्यांना चहा झाला. बाई मात्र दाखला धरून बसल्या. त्यात आजोबाचा बाप पाववाला होता.

"हा तो नाई," त्या म्हणाल्या.

"पाव विकून विकून कंटाळला असन बाई, मंग खोगीर शिवले असतील."

"कशावरून?"

"मेले सारे! कोण पाह्यते आता?"

"दुसऱ्याचा आजा आपला म्हनू? अन् माह्या आज्याले कुठं टाकू?"

"तो काय दारात बसला हाय, टाकायले?"

आठ दिवस मी भांडले. मग एका सकाळी त्यांनी तो दाखला लिफाफ्यात घातला आणि टपालपेटीत टाकायला माझ्या हातात दिला. मला वाटले, अर्जच चालला. मी खुशीत उंबऱ्याबाहेर पडले, तेव्हा मागून म्हणाल्या, "कचेरीले परत चालला हाय तो. हा माहा माणूस नाई म्हणून लिहिलं. त्याच्या घरचं कोणी त्याले शोधून राह्यलं असन."

पेटीपाशी मी बराच वेळ उभी राहिले. रोझीचा पत्ता मला इंग्रजीत लिहिता आला असता तर काय केले असते, सांगत नाही. शेवटी टाकला.

रोझीची पत्रे विरळ झाली, मग बंद. चार वर्षांनी बाई वर्ध्यातच गेल्या. मातीला आम्ही चाळीतली माणसे होतो, त्यांचे असे कोणी नव्हते. लिफाफा टाकणारी मीच, म्हणून राग आधी माझा येतो, मग बाईंचा. दोन्ही अजून गेलेले नाहीत.