येमायाला लावलेला कौल

पुण्याहून आलेल्या मला घेऊन काकूंनी आयसेलिनहून गाडी काढली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. तासाभराच्या अंतरावर, हडसन नदीच्या अलीकडे, क्यूबातून आलेल्या लोकांची वस्ती आहे. काकूंच्या हॉस्पिटलातली मेर्सेदेस तिथे तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

"आज तिच्याकडे कौल आहे," काकू म्हणाल्या. "लेकीला ॲरिझोनात जॉब लागलाय, चँडलरला. ती म्हणते आई, तूही चल. पण देवी नाही म्हणाली तर ही मूव्ह करणार नाही."

देवीचं नाव येमाया. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची ही देवता गुलामांच्या जहाजांतून इकडे आली; इकडे ती समुद्राची. मेर्सेदेसच्या खोलीत तिची तीन रूपं होती. क्यूबाची, निळ्या झग्यातली काळी मेरी, कडेवर गोरं बाळ. ब्राझीलच्या शेजारणीने दिलेल्या चित्रात लाटांवरून चालत येणारी, लांब केसांची गोरी बाई. तिसरी लाकडी, तिथेच बसलेल्या नायजेरियाच्या फोलाके या नर्सने आणलेली, गुडघे टेकलेली, पाठीवर मूल. तिघींत काही साम्य दिसेना. खरी देवी मात्र खाली, झाकणाच्या निळ्या भांड्यात, पाण्यातल्या सात दगडांत होती. झाकण परक्यासमोर उघडत नाहीत. मला आमच्या कुलदेवीचा तांदळा (बिनचेहऱ्याचा पाषाण) आठवला. मी उठून बूट दाराबाहेर ठेवून आलो.

मेर्सेदेसने खोबऱ्याचे चार तुकडे जमिनीवर टाकले. एकाची पांढरी बाजू वर, तिघांची तपकिरी. नकार. लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. सवयीने काकूंनी प्रसादासाठी हात पुढे केला.

"सुधा, ते उत्तर आहे. खाऊ नकोस," मेर्सेदेस म्हणाली. मग भांड्याकडे बघत, "वाळवंटात हिला समुद्र कुठून आणू?"

"ममा, समुद्र तिला तुम्ही लोकांनी दिलात," फोलाके म्हणाली. "आमच्याकडे ती नदीची."

मेर्सेदेसने तुकडे गोळा करून मुठीत धरले.

"तिथे नदी आहे?" मेर्सेदेसने लेकीला विचारलं.

"नकाशात आहे."

प्रश्न बदलला. नदीकाठी येशील? दोन पांढरे, दोन तपकिरी. या होकारानंतर पुन्हा विचारत नाहीत. मेर्सेदेसने जमिनीला कपाळ टेकलं. काकूंनी टेकलं. मीही टेकलं.

गुलामांनी येताना देवीचं नाव आणलं आणि समोर जे पाणी दिसलं ते तिचं मानलं, हे परतीच्या विमानात, खाली अटलांटिक दिसत असताना, मला नीट कळलं.

दोन महिन्यांनी पुण्याला काकूंचं पत्र आलं. मेर्सेदेस भांडं मांडीवर घेऊन ॲरिझोनाला गेली. नदी आहे, पण पात्र वर्षातले बहुतेक महिने कोरडं असतं. मेर्सेदेस रोज सकाळी घरून पाणी नेऊन त्यात ओतते.