धुराचं वाक्य

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एका पक्षाचा जाहीरनामा लिहायला लागलो. पक्ष कोणता ते सांगत नाही. समोरच्या पक्षासाठी लिहिला असता तरी पुढचं सगळं असंच झालं असतं. पस्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे मला सरळ वाक्य लिहिता येतं, असा तालुकाध्यक्षांचा समज. अध्यक्ष माझेच जुने विद्यार्थी. "सर, तुमच्यासारखं लिव्हणारं तालुक्यात कुणी न्हाई," असं ते म्हणाले आणि मी पाघळलो. स्तुती केली की मी लगेच पाघळतो, असं माझ्या बायकोचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

आमचं घर बदनापूरहून जालन्याकडे जाताना हमरस्त्यापासून थोडं आत आहे. घर बांधलं तेव्हा समोर ज्वारी होती. नंतर तिथे लोखंडी सळ्यांचा कारखाना आला. त्याची काळी भुकटी गच्चीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर बसायची. बायकोने दोन उन्हाळे कुरडया झटकून पाहिल्या, तिसऱ्या उन्हाळ्याला घालायच्याच सोडल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण तिला धाप लागायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला आणि जमलं तर जागा बदला म्हणाले. निवृत्त मास्तराने या वयात जागा बदलून जायचं कुठे?

म्हणून पहिला जाहीरनामा लिहायला बसलो तेव्हा एक वाक्य तिने सांगितलं. "लिव्हा. आमाला निवडून दिलं तर कारखान्याचा धूर बंद करू." मी म्हटलं, अगं, गावातली निम्मी माणसं तिथे कामाला आहेत, बंद कसं लिहू? ती म्हणाली, "मी कारखाना म्हनले का? धूर म्हनले." सातव्या क्रमांकावर वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

अध्यक्षांनी वाचून मान डोलावली. "एकदम बराबर, सर. फक्त एकदा शेठच्या नजरेखालून घालतो." शेठ म्हणजे त्याच कारखान्याचे मालक. ते पक्षाचे साधे सभासदही नव्हते. पण प्रचाराच्या गाड्या त्यांच्या, मंडप त्यांचा, कार्यकर्त्यांचं जेवण त्यांच्याकडून. समोरच्या पक्षाच्या गाड्याही तिथूनच सुटतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मी त्यांना कधी पाहिलं नाही. सभेला ते येत नसत आणि कोण निवडून येतो याची त्यांना फारशी काळजी नसावी.

दोन दिवसांनी कागद परत आला. सातव्या क्रमांकावर त्यांच्या मॅनेजरच्या अक्षरात दुसरंच वाक्य होतं: 'पर्यावरनाच्या प्रश्नाकडे लक्ष देवु.' माझं डोकंच फिरलं. तडक पक्षाच्या कार्यालयात गेलो आणि अध्यक्षांना पाऊण तास फैलावर घेतलं. कशावरून, तर शुद्धलेखनावरून. पर्यावरणातला ण बाणातला, 'देऊ'मध्ये व कुठून आला, असा कागद छापला तर लोक काय म्हणतील, वगैरे. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुम्ही म्हनता तसंच छापू." मी तिथेच दोन्ही चुका दुरुस्त केल्या आणि जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो. चहा पिताना बायकोने विचारलं, "धुराचं काय झालं?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

पुढच्या निवडणुकीला मी शहाणपणा केला. 'बंद करू'च्या जागी 'आळा घालू' लिहिलं. आळा म्हणजे जवळजवळ बंदच, असं बायकोला समजावलं. "मंग बंदच का न्हाई लिव्हत?" ती म्हणाली. तो कागद आला तेव्हा सातव्या क्रमांकावर नुसती रेघ होती आणि खालचे मुद्दे एकेक घर वर सरकवलेले होते. पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, शेठनी गाड्या परत बोलावल्या तर मी काय पायी फिरू का? माझा पोऱ्या बी तिथंच कामाला हाय." आवाजात मग्रुरी नव्हती. ते माझ्याइतकेच दमलेले दिसत होते. मला त्यांचा धड रागही येईना. घरी येऊन खोडलं म्हणून सांगितलं. बायको 'बरं' म्हणाली आणि खिडक्या लावायला गेली.

यंदा तिसऱ्यांदा लिहायला बसलो. रस्ते, पाणी, सोयाबीनचा भाव, मोसंबीच्या बागा, सगळं हात सवयीने लिहीत गेला. सातव्या क्रमांकावर आलो आणि मी बसथांब्याच्या शेडबद्दल लिहिलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. ती रेघ पुन्हा बघायचा कंटाळा आला होता, याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

कागद जसाच्या तसा परत आला. अध्यक्ष खूश होते. "सर, या बारीला शेठनी एक शब्द खोडला न्हाई. तुमचं खास नाव काढलं."

घरी आलो तेव्हा बायको दारातच होती. "कधीची वाट बघून राह्यले मी. काय खोडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"एक अक्षर बी न्हाई?"

"नाही."

तिने मला पुढे काही विचारलं नाही. लगेच मंठ्याला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. "अगं, या बारीला ठेवलं त्यायनी. धुराचं वाक्य ठेवलं. ह्यांनी सोडलंच न्हाई बघ शेवटपर्यंत." बोलता बोलता तिला धाप लागली. पंप ओढून ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. मी समोर खुर्चीवर बसून होतो. छापील जाहीरनामे परवा घरोघर वाटणार होते, आमच्याही घरी.