भरल्या घरात विचारलेला प्रश्न

मंडळी, आज दुपारी सायखेड्याला गेले होते. मानसिक संकटात असलेल्या माणसाच्या घरी जाऊन मदत करणारं आमचं पथक आता नाशिकबाहेरच्या गावांतही जातं. तिथले एक शिंपीदादा दोन दिवस जेवले नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. त्यांच्या बायकोने आम्हाला फोन केला होता.

घरात अभद्र बोलू नये, हे मला आईने लहानपणीच शिकवलंय. प्रशिक्षणात मात्र स्पष्ट विचारायला शिकवलं. चारदा मनात घोकून शेवटी विचारलं, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?"

त्यांची आई कडाडली, "ए पोरी, भरल्या घरात असलं काय बोलती!"

पण दादाच म्हणाले, "बोलू दे तिला, आई. वाटतं. लय दिवस झाले."

मग ते तासभर बोलले. उद्या आमच्या डॉक्टरांना भेटायला तयार झाले. तोवर भाऊ त्यांच्याजवळ थांबणार आहे. मी निघाले तर त्यांच्या आईने अडवलं, "चहा घेतल्याबिगर जायचं नाय. अन् उद्या तूच ये."

घाबरत का होईना, मी विचारलं. आज स्वतःचा आणि आमच्या पथकाचा फार अभिमान वाटतोय.

तुमच्या घरात हा प्रश्न कोण विचारू शकेल?