ध्रुवीय प्रकाशाच्या साडेसहा तास आधी

शुक्रवारी दुपारी पावणेचारला आम्ही ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्याहून निघालो. गाडीत तीन माणसं होती: मी, माझी सोळा वर्षांची मुलगी सई आणि माझ्या सासूबाई. शिवाय चार ब्लँकेटं, चहाचे दोन थर्मास, दशम्यांचा डबा आणि एक छापील कागद. कागद माझा. त्यावर त्या संध्याकाळचं वेळापत्रक मी पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून मांडलं होतं.

दोन दिवसांपूर्वी सूर्यावर मोठा उद्रेक झाल्याची बातमी होती. अशा वेळी सूर्याकडून विद्युतभारित कणांचा लोट निघतो, तो दोनेक दिवसांत पृथ्वीपाशी पोहोचतो आणि ध्रुवांकडची वरची हवा उजळते. हाच ध्रुवीय प्रकाश. एरवी तो पाहायला इथल्या लोकांना देशाच्या पार दक्षिण टोकाला जावं लागतं. पण सौर वादळ जोराचं असेल तर आमच्या ऑकलंडकडूनही दिसतो. अट एवढीच, की दक्षिणेला ढग नकोत आणि दिवे नकोत. म्हणून आम्ही पोर्ट वायकाटोला निघालो होतो. अंतर छप्पन्न किलोमीटर, चंद्र जवळजवळ नाही, ढग वीस टक्के.

खरी घाई सासूबाईंसाठी होती. सांगलीच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सहा महिने आमच्याकडे राहून त्या रविवारी परत जाणार होत्या, आणि शहात्तराव्या वर्षी एवढा प्रवास पुन्हा करणार नाही हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. बातमी मीच त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "श्रीकांतराव, ध्रुवीय प्रकाशावर दरवर्षी पाच गुणांचा प्रश्न असायचा. मी न बघता शिकवलं आणि न बघताच गुण कापले."

अडचण अशी, की त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि डाव्याचं परत गेल्यावर व्हायचंय. डाव्या डोळ्याने त्यांना सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसतं. आणि इतक्या लांबून हा प्रकाश मुळात फिका. म्हणजे तो आकाशात आला, तरी त्यांना दिसेल का, हा प्रश्न उरतोच.

माझी बायको अनघा नर्स आहे आणि त्या दिवशी तिची रात्रपाळी होती. निघताना तिने आईच्या डोक्याला मफलर गुंडाळला आणि मला बजावलं, "नऊच्या आत घरी आण."

"साडेनऊ," मी कागद पाहून सांगितलं.

पुकेकोहेला दहा मिनिटं थांबलो. इथे दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं आहेत आणि माती चांगली लालभडक. सासूबाईंनी गाडीतून उतरून चिमूटभर माती बोटांत चोळली. "ज्वालामुखीची आहे," त्या म्हणाल्या. "कोकणातली वाटते, पण ती नव्हे."

"आजी, पीपल आर लुकिंग," सई म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

"बघू देत. त्यांनाही कळेल माती बघायची असते."

टुआकाऊ ओलांडलं की पूल येतो आणि खाली वायकाटो नदी. पुलानंतरचा रस्ता जवळजवळ शेवटपर्यंत नदीला धरून जातो. पाणी रुंद, संथ, शेवाळी रंगाचं. वळणं इतकी, की मी मोजायला घेतली आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिली. पाच वाजून पाच मिनिटांनी समुद्र दिसला. वाळू काळी, अगदी कोळशाच्या भुकटीसारखी. सासूबाईंची पर्स खाली पडली, तर तिच्या चुंबकी बटणाला वाळूची दाढी आली.

"लोह," त्या खूष होऊन म्हणाल्या, आणि ती दाढी झटकायला आम्हाला मनाई केली.

सईला भूक लागली होती. दशम्या तिला चालत नाहीत असं नाही, पण समुद्रावर चिप्सच हव्यात. आम्ही डेअरीवर गेलो (कोपऱ्यावरचं किराणा दुकान, दुधाशी संबंध बेताचा). चिप्सचं पुडकं घेऊन परत आलो आणि गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी केली. सूर्य समुद्रात बुडाला. सव्वासहाला पुरता अंधार झाला. कागदाप्रमाणे साडेपाच ते साडेआठ ही सर्वांत जोराची वेळ होती.

सात वाजले. तारे भरपूर. प्रकाश नाही.

साडेसातला एक माणूस गळ टाकायला वाळूकडे निघाला. साठीचा, अंगात जाड लोकरी स्वेटर, डोक्यावर टोपी आणि पायांत जँडल्स (आपल्या स्लिपर). हवा नऊ अंशांवर होती. मला थंडी वाजली ती त्याच्या पायांकडे बघून.

"किया ओरा," तो काचेपाशी वाकून म्हणाला (इथला माओरी नमस्कार). "आकाशातले दिवे बघायला आलात? फार लवकर आलात. मध्यरात्रीआधी काही नाही."

मी त्याला नम्रपणे सांगितलं, की जोराची वेळ साडेपाच ते साडेआठ आहे. कागदही दाखवला.

"स्वीट ॲज," तो म्हणाला (बरं, असेल तसं), आणि हसत हसत वाळूत उतरला.

सासूबाईंनी मागून हात पुढे केला. "बघू तो कागद." गाडीतला दिवा लावायचा नाही असा माझाच नियम होता, म्हणून सईने फोनचा उजेड तळव्याआड धरला. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"मूळ वेळ कुठली घेतलीत?"

"ग्रीनिचची. सगळे अंदाज त्याच वेळेत देतात. बारा ते तीन."

"आणि त्यात किती मिळवले?"

"साडेपाच."

कागद माझ्या मांडीवर परत आला.

"ग्रीनिच अधिक साडेपाच ही सांगलीची वेळ झाली," सासूबाई म्हणाल्या. "इथली अधिक बारा. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे तीन. त्या बिचाऱ्या माणसाला काय पटवत होतात?"

अठरा वर्षं मी या देशात राहतो. औषधांच्या दुकानात मिलिग्रॅमचा हिशेब करतो, एकदा करून पुन्हा तपासतो. पण शाळेत डोक्यात बसलेलं 'ग्रीनिच अधिक साडेपाच' इतकं घट्ट, की ते तपासायचं असतं हेच सुचलं नाही. कागद चार वेळा तपासला होता. बेरीज प्रत्येक वेळी बरोबर आली.

"डॅड," सई म्हणाली, "दॅट्स सो एम्बॅरसिंग."

"वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं," तिच्या आजीने पुरवणी जोडली.

मी म्हणालो, परत जाऊ या. नऊ अंशांत, शहात्तराव्या वर्षी, आणखी साडेचार तास, आणि तेही दिसेलच असं नाही. सासूबाईंनी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"परवा विमानात पंधरा तास बसायचंच आहे. आज साडेचार तास गाडीत बसले तर काय बिघडलं? रक्तदाबाची गोळी पर्समध्ये आहे. वाळूची दाढी जपून तेवढी काढून द्या."

अनघाला मी संदेश पाठवला. उत्तर तिला वेळ मिळाल्यावर, अकराला आलं. त्यात तीन शब्द होते आणि ते इथे देण्यासारखे नाहीत.

मधला वेळ बरा गेला. सासूबाईंनी सईला ताऱ्यांवरून दक्षिण दिशा काढायला शिकवलं, सईने आजीला फोनवर लांब वेळेचा फोटो कसा घ्यायचा ते शिकवलं. सासूबाई म्हणाल्या, आपण सदतीस दक्षिण अक्षांशावर आहोत, हिरवा भाग क्षितिजाखाली राहील, दिसला तर वरचा लाल दिसेल. मी काही आकडा सांगितला नाही.

साडेअकराला भूक लागली. इथे दुसरी अडचण आली. गाडीचं तोंड दक्षिणेला, आणि सासूबाई दक्षिणेला तोंड करून जेवत नाहीत.

"आजी, सीरियसली?"

"यमाची दिशा आहे ती. आकाश बघायला हरकत नाही. घास घ्यायला आहे."

गाडी वळवायची तर समोरचे दिवे लागणार, आणि आजूबाजूला आणखी सहा गाड्या डोळे अंधाराला सरावून बसल्या होत्या. शेवटी मागची डिकी उघडली आणि तिच्या काठावर आम्ही तिघं उत्तरेकडे तोंड करून ओळीने बसलो. दशमी, शेंगदाण्याची चटणी, गरम चहा. समोर वाळूची टेकडी, डोक्यावर डिकीचं झाकण. दिवसभरात इतकं सुख मिळालं नव्हतं. कोणालाही कसली घाई राहिली नव्हती.

वाळूकडून पावलं वाजली. तो गळवाला परत येत होता, बादलीत दोन मासे. आमच्यापाशी थांबून त्याने तिघांना एकदा नीट पाहून घेतलं.

"तुम्ही आकाश बघायलाच आलात ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग ते तिकडे आहे," त्याने गळाची काठी आमच्या पाठीमागे रोखली.

अकरा बावन्न झाले होते. सासूबाई उठल्या त्या अर्धी दशमी उष्ट्या हातात तशीच धरून. त्यांना असं करताना मी कधी पाहिलेलं नाही.

दक्षिणेला, समुद्रावर, राखेच्या रंगाची फिकट कमान होती. क्षितिजामागे एखादं मोठं शहर असावं तशी. पण तिकडे शहर नाही. सईने फोन धरला, पाच सेकंदांनी पडद्यावर गुलाबी-जांभळं आकाश उमटलं.

"आजी! लुक, लुक!"

सासूबाई फोनकडे बघत नव्हत्या. "मला काही दिसत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "अंधार आहे."

"लुक हिअर, आजी, इट्स राइट हिअर."

"फोनला दिसलं ते फोनचं, सई. मला दिसायला हवं."

आणि नेमकी तेव्हाच एक नवी गाडी मोठे दिवे लावून आवारात शिरली. सहाही गाड्यांतून कण्हल्यासारखा आवाज आला. डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात. मी घड्याळ लावलं नाही. सासूबाईंचा कोपर धरून उभा राहिलो. त्यांनी डावा डोळा तळव्याने झाकून घेतला होता आणि उजव्या डोळ्याने त्या नुसत्या समोर बघत होत्या. सईने फोन खिशात ठेवला.

बारा वीसला कमानीचा वरचा भाग तांबूस झाला. निदान मला तसं वाटलं. मग तो उंच चढला.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "लाल आहे. खाली नाही, वर. आणि उभ्या रेघा आहेत, कोणी काड्या उभ्या लावाव्यात तशा. सरकतायत, उजवीकडे. एक. दोन." त्या बोटाने हवेत मोजू लागल्या. "सात."

मी मोजल्या. सहा भरल्या.

"सात," त्या म्हणाल्या. "सर्वांत डावी बारीक आहे."

सईने हळूच फोन काढला, फोटो घेतला, दोन बोटांनी मोठा केला. डावीकडच्या टोकाला एक बारीक रेघ होती.

"सेव्हन," सई म्हणाली. आणि मग, कदाचित त्या दिवसात पहिल्यांदाच, मराठीत: "आजी, सात आहेत."

सासूबाईंनी तळवा डाव्या डोळ्यावरून काढला नाही. रेघा विरेपर्यंत, सगळी मिळून अकरा मिनिटं, त्या तशाच उभ्या होत्या. गळवाला अजून तिथेच होता. "नॉट बॅड, आंटी," तो म्हणाला. त्यांनी त्याला उष्टा हात वर करूनच नमस्कार केला.

पावणेतीनला घरी पोहोचलो. परतताना नदीकाठच्या वळणांवर सई झोपली, सासूबाई जाग्या होत्या.

सकाळी पावणेआठला अनघा रात्रपाळीवरून आली. गणवेशातच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि आधी माझ्याकडे बघितलं. मी चहा पुढे केला. सईने फोटो दाखवले, तशी ती म्हणाली, "बापरे, किती गुलाबी आहे."

"असं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हातातली पोळी तव्यावर टाकली, गॅस बारीक केला आणि हात पुसले. "ऐक. आधी राखी रंगाची कमान होती, क्षितिजापासून चार बोटं वर. मग वरून लाल झाली. लाल म्हणजे कुंकवाचं नाही, फार फिकं, पाण्यात हळद-चुना पडल्यासारखं. त्यात सात रेघा आल्या. त्या उजवीकडे गेल्या."

इतकी वर्षं प्रवासाचे आकडे मी वहीत लिहून ठेवतो. या वेळचेही लिहिले: जाऊन-येऊन एकशे बारा किलोमीटर, अकरा तास, एक चूक. पण लिहिताना वाटलं, की त्या रात्रीची खरी नोंद त्या ओट्यापाशीच झाली. एकतीस वर्षं वर्गात सासूबाईंनी हेच वर्णन सांगितलं असणार, आणि प्रत्येक वाक्य 'दिसतो', 'असतो', 'सरकतो' असं संपलं असणार. त्या सकाळी प्रत्येक वाक्य 'होती', 'झाली', 'गेल्या' असं संपत होतं. अनघाच्या हातातला चहा निवत होता, तव्यावरची पोळी एका बाजूने करपत होती, आणि सासूबाईंचं सांगून झालं नव्हतं.