फ्यूज कोण उडवतं?

मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात, इमर्जन्सी दिवे बनत. तिथे तपासणीच्या टेबलावर सुगंधा परब बसे. संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, त्याच वर्षी तिने आयटीआय पुरं केलं होतं. सगळ्या गाळ्यात मल्टिमीटर नीट वापरता येणारी ती एकटीच, आणि त्यापायीच तिचं डोकं फिरायची वेळ आली होती.

दिवा किती करंट खातो हे मोजल्याशिवाय तो खोक्यात जात नसे. पण मीटरचा फ्यूज दर दोन-तीन दिवसांनी उडायचा. मग काटा ढिम्म हलायचा नाही आणि काम अडायचं. सुपरवायझर भाऊराव सगळ्यांदेखत म्हणायचे, "बाईच्या हातात मीटर दिला की असंच होणार!"

एका दुपारी तिने डबा टेबलाशीच उघडला. दोन घास खाल्ले असतील-नसतील, तोच भाऊराव आले. मीटर करंटवर लावलेला होता. तसाच उचलून त्यांनी दोन्ही पिना थेट बॅटरीच्या टोकांना टेकवल्या. काटा फाडकन पलीकडे आपटला आणि परत शून्यावर आला.

"भाऊराव! काय करताय?"

"बॅटरीत करंट किती आहे ते बघतोय."

"असा बघतात? दिव्याची एक वायर सोडवायची आणि मीटर मध्ये घालायचा. करंट मीटरमधून दिव्याकडे जायला पाहिजे. तुम्ही सरळ शॉर्ट केलंत! उडाला फ्यूज!"

"व्होल्ट मोजताना तू अशाच टेकवतेस ना?"

"ते व्होल्ट! तेव्हा बटण व्होल्टवर असतं!"

"मीटर एक आणि रीती दोन? काहीतरीच तुझं."

सुगंधाने डब्याचं झाकण लावलं. भूकच मेली होती.

चार दिवसांनी मालक अनंतशेठ आले. त्यांना बॅटरी दाखवायला भाऊरावांनी पुन्हा तोच प्रकार केला. या वेळी मीटरमधून धूर आला.

"सुगंधा, काय केलंस मीटरचं?" शेठ ओरडले.

तिने मीटर उघडला. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली होती.

"सारखा उडत होता," भाऊराव पुटपुटले, "म्हणून मी बंदोबस्त केला."

शेठनी ती तार भाऊरावांच्या हातात ठेवली. नवा मीटर आला, तो सुगंधाच्या ताब्यात. आणि भाऊरावांनी तिच्याकडून शिकायचं, असा हुकूम सुटला.

आठ दिवस तिने तेच तेच सांगितलं. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः वायर सोडवली, पिना मध्ये जोडल्या, दिवा लावला. काटा हळूहळू एक अँपियरवर जाऊन थांबला.

"अगं, चढला! चढला बघ!" पोरगा मॅट्रिक झाल्यासारखे ते हरखले.

"हां, झकास. आता मीटर काढा आणि वायर परत जोडून टाका," म्हणत तिने मान वर केली.

भाऊराव ही बातमी सांगायला शेठच्या केबिनकडे निघून गेले होते. दिव्याची वायर तशीच सुटी होती. ती जोडायला तिने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं आणि ती कपाळाला हात लावून बसली.