पाय तयार होईपर्यंत

आमची वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून तिचे खांदे असे भरले होते, की पेशाने शिंपी असलेला माझा दादा शेजारी उभा राहिला की तिचा धाकटा भाऊ वाटायचा. नणंद या नात्याने मी हे तोंडावर बोलायचे. तीही हसून सोडून द्यायची.

त्या वर्षी मात्र तिचं हसू आटलं. धुलाईघर बंद होणार होतं. अग्निशमन दलाच्या भरतीत ती आधी दोनदा नापास झाली होती आणि वयाच्या अटीमुळे ही खेप शेवटची. शिडी चढणं, पाण्याचा जड पाइप ओढणं, सगळ्यात ती पुढे. घोडं अडायचं ते छोट्या धावेपाशी. दोन्ही वेळा ती अगदी थोडक्यात हुकली होती.

व्यायामशाळेतल्या मास्तरांनी तिला एक युक्ती सांगितली. धावण्याआधी जड वजन घेऊन मोजक्या बैठका मारायच्या, धाप ओसरून पाय हलके होईपर्यंत थांबायचं आणि मग पळायचं. पाय जागे होतात, काही वेळ नेहमीपेक्षा जोरात पळतात. वहिनीने चादरींचा गठ्ठा खांद्यावर घेऊन बैठका मारल्या, धुलाईघरामागच्या गल्लीत पळून पाहिलं आणि खरंच फरक पडला. तेव्हापासून जगात तिचा विश्वास काय तो त्या बैठकांवर. थांबायचं कसं, हेही मास्तरांनी बजावलं होतं, पण ते या कानाने आत आणि त्या कानाने बाहेर.

भरतीच्या मैदानावर वजन कुठून आणणार? दादा होताच. कपडे बदलायच्या खोलीमागे तो मुकाट्याने तिच्या पाठीवर बसला. हातात तिची पिशवी, चेहरा फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा. मला हसू आवरेना. तिच्या बैठका झाल्या आणि तेवढ्यात कळलं की वेळ मोजायचं यंत्र बिघडलंय, जरा थांबा.

जरा म्हणजे किती, ते कोणी सांगेना. आलेला जोर ओसरून जाईल या धास्तीने वहिनीने दादाला पुन्हा पाठीवर घेतलं. यंत्र सुरू झालं, परत बंद पडलं. तिने परत बैठका मारल्या. आता तिच्या मांड्या लटलटत होत्या. माझं हसणं केव्हाच थांबलं होतं.

"बस झालं गं," दादा म्हणाला. "पाय बघ तुझे."

"अरे, बस ना पाठीवर. हेही गेलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

दादा बसला. मला त्याचा असा संताप आला! या माणसाला आयुष्यात एकदाही तिला नाही म्हणता आलं नाही. ती शेवटच्या बैठकीतून उठते न उठते तोच तिचा पुकारा झाला. दादाला खाली ठेवून ती धापा टाकत रेघेवर गेली.

शिटी वाजली. दोन पावलांतच कळलं, पाय उचलत नव्हते. ती सगळ्यांच्या मागून पोचली. भरती घेणाऱ्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या तुकडीला बोलावलं.

ती मातीतच बसून राहिली. दादाने पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही. उरलेल्या बायका पळाल्या, माणसं पांगली. मग ती उठली, जागच्या जागी दोनदा उसळली. ती थेट साहेबांकडे गेली.

"साहेब, आता एकदा पळू द्या. पाय आत्ता तयार झालेत."

साहेब वाईट नव्हते. असं करता येत नाही, ताई, असं दोनदा समजावून म्हणाले.

तिने पुरतं ऐकलंच नाही. रिकाम्या मैदानात रेघेवर जाऊन उभी राहिली आणि सुटली. मी तिला तसं पळताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पळालेल्या कुणालाही तिने मागे टाकलं असतं, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तिने वळून यंत्राकडे पाहिलं. ते पेटीत बंद झालं होतं.